वैशाखात चिकटवलं, पोळ्याला सुटलं: घागरमाळेच्या पट्ट्यांचं एक प्रकरण

गंगाखेडकडच्या एका गावात, घराला लागून काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चामड्याचं काम चालतं. माणसं घरचीच. मालक, त्यांचे थोरले चुलते ज्यांना सगळे आबा म्हणतात, शिलाई मशीनवर बसणारा पुतण्या, आणि चिकटवायचं काम करणाऱ्या दोघी: मालकीणबाई आणि शेजारच्या मावशी. कमरेचे पट्टे आणि चपला बारमाही चालू असतात, पण वर्षाचा पैसा सुटतो तो पोळ्याला. बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळेचे पट्टे, म्होरक्या, चाबकाच्या वाद्या. लालकंधारी किंवा देवणीची जोडी दावणीला बांधणारे शेतकरी आता मोजकेच उरले, तरी ज्याच्याकडे बैल आहे तो पोळ्याला माळ नवीच घेतो आणि तिथे हात आखडत नाही.

माल माघापासून करायला घेतात. आषाढ संपता संपता व्यापारी तो उचलतो, श्रावण अमावास्येपर्यंत दुकानांतून विकतो आणि उरलेला मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत खपवतो. महिन्यांचा हा क्रम ध्यानात ठेवावा लागेल, कारण बिघाड झाला एका ऋतूत आणि उघडा पडला दुसऱ्याच.

पोळा झाला आणि व्यापाऱ्याने पोतंभर पट्टे परत आणून टाकले. वरून म्हशीचं जाड चामडं, आतून बकऱ्याचं मऊ अस्तर, मध्ये सोल्युशन, म्हणजे रबराचं चिकटद्रव्य, आणि दोन्ही कडांना शिलाई, अशी या पट्ट्याची बांधणी. शिलाई शाबूत होती. मधला भाग मात्र फुगला होता, अस्तराला आडव्या वळ्या पडल्या होत्या. बकलाजवळ टोक दुमडून चिकटवतात, तिथे शिलाई पोचत नाही. तिथली घडी सरळ उघडली होती. अशी वळी बैलाच्या मानेला घासते, आणि काही शेतकऱ्यांची तक्रार नेमकी तीच होती. मिरवणुकीत पाऊस आला होता हे खरं. पण बैलाच्या गळ्यातला पट्टा पावसात टिकणार नसेल तर तो केलाच कशाला, हा व्यापाऱ्याचा सवाल बिनतोड होता.

घरात एका गोष्टीवर तीन मतं. मालक म्हणाले, "सोल्युशनच डुप्लिकेट यायलंय." आबा म्हणाले, "चामडं ओलं होतं, मी तवाच म्हणलो होतो." पुतण्याने टाक्यांचं अंतर काढलं, पण शिलाई शाबूत असल्याने ते कुणी मनावर घेतलं नाही. मी चर्मकारागिरांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. बोलावलं होतं बकलाच्या डायचं काहीतरी विचारायला, पण पोतं समोरच पडलेलं असल्यावर डायचा विषय मागे पडला.

सोलून पाहिलेले पट्टे

मजुरी नगावर असल्याने मावशी प्रत्येक पट्ट्याच्या बकलामागे बॉलपेनने आपली खूण आणि तारीख टाकतात. हिशेबात घोळ नको म्हणून पडलेली ही सवय तपासाला उपयोगी पडली. सगळे पट्टे तारखेप्रमाणे लावले, तेव्हाच अर्धं उत्तर मिळालं. माघ-फाल्गुनातला माल परत आलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. वैशाख-ज्येष्ठातले पट्टे सर्वांत जास्त, आणि आषाढातलेही बऱ्यापैकी. सोल्युशन तर वर्षभर एकाच दुकानातून, एकाच कंपनीचं आलेलं. डुप्लिकेट असतं तर ते महिना बघून बिघडलं नसतं.

मग ते सोलायला घेतले. जोड कसा सुटला हे सुटलेल्या दोन्ही अंगांवर लिहिलेलं असतं. ते वाचायला प्रयोगशाळा लागत नाही, दारातला उजेड पुरतो. तुलनेसाठी घरात शिल्लक राहिलेला माघातला एक पट्टा घेतला. रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, टोक मोकळं करून ओढलं, तर जोड सुटेना, अस्तरच फाटायला लागलं. बकऱ्याच्या चामड्याचे तंतू म्हशीच्या चामड्यावर तसेच चिकटून राहिले. जोड असा हवा, की आधी चामड्याने हार मानावी.

वैशाखातला पट्टा मात्र पाकिटासारखा उघडला. दोन्ही अंगांवर सोल्युशनचा पिवळट, चकचकीत थर जसाच्या तसा होता. त्यात ब्रशचे ओघळही दिसत होते, एका अंगाचे उभे आणि दुसऱ्याचे तिरके. दोन थर समोरासमोर येऊन एकमेकांत मिसळलेच नव्हते. मिसळले असते तर ओघळ राहिले नसते. म्हणजे दाबण्याआधीच दोन्ही थर पार वाळून गेले होते.

त्याच महिन्यातल्या काही पट्ट्यांची तऱ्हा वेगळी. तिथे सोल्युशन जवळजवळ दिसतच नव्हतं. चामड्याची आतली रेशाळ बाजू नुसती काळपट आणि कडक झालेली. पातळ केलेलं सोल्युशन चामड्याने पिऊन टाकलं होतं आणि वर चिकटायला काही उरलं नव्हतं. आषाढातल्या पट्ट्यांवर थर होता, पण दुधी, धुरकट. बोटाने घासला की गोळ्या होऊन निघत होता. बकलाजवळच्या उघड्या घडीत तर चामड्याची गुळगुळीत वरची बाजू कोरी करकरीत होती, सगळं सोल्युशन समोरच्या अंगाला गेलेलं. तिथे न खरवडताच लावलं होतं. शिवाय पट्टा मऊ पडावा म्हणून आबा एरंडेलाचा हात फिरवत, तो चिकटवण्याच्या आधी. गुळगुळीत आणि वर तेलकट, अशा अंगावर सोल्युशन धरत नाही.

म्हणजे एका पोत्यात वेगवेगळ्या कारणांनी सुटलेले पट्टे होते. घरात ज्याचं त्याचं मत वेगळं होतं त्याचं हेही एक कारण. प्रत्येकाने वेगळा पट्टा हातात घेतला होता.

डबा

शेडच्या पश्चिमेच्या भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर पाच लिटरचा डबा. दुपारनंतर ऊन नेमकं त्याच भिंतीवर येतं. परभणी-नांदेड पट्ट्यात वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जाणं नवलाचं नाही, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. अशा सोल्युशनच्या डब्यांवर सहसा थंड, कोरड्या जागी, ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. ते वाचून मालक हसले. "एवढं थंड तर आम्हीबी नसतो."

डब्याच्या झाकणाला आबांनी खिळ्याने भोक पाडून मोठं केलं होतं आणि त्यातून ब्रशचा दांडा बाहेर काढला होता. ब्रश सदा सोल्युशनमध्ये बुडालेला, त्यामुळे कधी कडक होत नाही. युक्ती ब्रशपुरती नामी आहे. डब्याचं मात्र तिने वाटोळं केलं. दिवसा डबा तापला की आतली वाफ फुगून भोकातून बाहेर पडते, रात्री गार झाला की बाहेरची हवा आत ओढली जाते. असं रोज. आठवडी बाजाराच्या दिवशी काम बंद असतं. म्हणून आदल्या संध्याकाळी डबा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, आणि मधल्या दिवशी कुणी हातही न लावता परवा सकाळी पुन्हा ठेवला. वजन घटलेलं होतं. मालकांना माझ्या बोलण्यापेक्षा काटा पटला, कारण घटलेल्या वजनाचे पैसे त्यांना मनातल्या मनात मोजता येत होते.

हे सोल्युशन म्हणजे निओप्रीन रबर. १९३० साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत हे कृत्रिम रबर पहिल्यांदा तयार झालं. डब्यात रबर आणि राळ मिळून साधारण चौथा-पाचवा हिस्सा असतो. बाकी सगळं उडून जाणारं द्रावक: टोल्युइन, हेक्झेन, इथाइल ॲसिटेट यांचं कंपनीपरत्वे वेगवेगळं मिश्रण. जोड धरतो रबर आणि राळ, द्रावकाचं काम त्यांना चामड्याच्या तंतूंत नेऊन सोडण्याचं. ते डब्यातच उडालं की सोल्युशन काकवीसारखं घट्ट होतं, ब्रशने ओढलं जात नाही, तंतूंत उतरत नाही.

मग सकाळी उठून पातळ करणं आलं. इथे काय वापरतात ते विचारल्यावर जरा शांतता पसरली. हार्डवेअरच्या दुकानातलं रंगाचं थिनर. ते संपलं की गाडीतलं पेट्रोल. एकदा रॉकेलही. मालकीणबाईंनीच शेवटी सांगितलं, "घरात काय हाय ते ओततेत."

निओप्रीन टोल्युइनमध्ये विरघळतं. स्पिरिटमध्ये विरघळत नाही, आणि नुसत्या पेट्रोलसारख्या हलक्या तेलातही धड विरघळत नाही. रंगाच्या थिनरमध्ये बऱ्याचदा स्पिरिटच्या जातीचं काही ना काही असतं, प्रमाण दुकानागणिक बदलतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे स्पिरिटच. दारात दोन काचेचे ग्लास ठेवून दाखवलं. एकात कंपनीचं थिनर घातलं, ते गुमान मिसळलं. दुसऱ्यात पेट्रोल ओतत गेलो, तसे रबराचे तार आणि गाठी वेगळ्या व्हायला लागल्या. "नासलं की," मावशी म्हणाल्या. रॉकेलची गोष्ट आणखी वाईट. ते पुरतं उडतच नाही, तेलकट अंश मागे ठेवतं, आणि तो अंश जोडाच्या मध्ये बसतो.

फळीखाली एक जुना डबा निघाला, दोन पावसाळे पाहिलेला. वर पिवळसर पातळ पाणी, तळाशी पांढरट गाळ. राळेबरोबर जी मॅग्नेशियम आणि जस्ताची भस्मं घातलेली असतात, ती अशी खाली बसतात. नव्या डब्यात थोडं असं झालं तर काठीने ढवळून जमतं, म्हणून उघडल्यावर तळापासून ढवळायचंच. इतका जुना डबा मात्र ढवळूनही भरवशाचा राहत नाही. आबांना तो टाकवेना. शेवटी चपलेच्या आतल्या पुठ्ठ्यासाठी वापरू असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. त्यावर मी वाद घातला नाही.

बोट आणि घड्याळ

आबांचा हात खळीवर तयार झालेला. त्यांच्या तरुणपणी अस्तर चिकटवायला पिठाची नाहीतर चिंचोक्याची खळ असे, कधी सरस. खळ ओलीच चिकटवायची, वर दगड ठेवायचा, सकाळी काढायचं. खळीतलं पाणी चामडं सावकाश पितं, म्हणून रात्रभर वजन लागतं. सोल्युशनचं शास्त्र उलटं. दोन्ही अंगांना लावायचं, दोन्ही जवळजवळ वाळू द्यायचं, मगच एकमेकांवर टेकवायचं, आणि टेकवल्यावर ठोकायचं. किती वेळ दाबलं याला फारसा अर्थ नाही, किती जोरात दाबलं याला आहे. आबांच्या हातचे पट्टे ओलेच जोडलेले आणि दगडाखाली ठेवलेले होते. त्यांच्यात द्रावक आत अडकून जोड मऊ राहिला होता. मालकीणबाई आणि मावशींचे पट्टे त्याच्या नेमके विरुद्ध, अति वाळलेले.

याला कारण त्यांची शिस्त. प्रशिक्षणात कुणीतरी शिकवलं होतं की सोल्युशन लावून १५ मिनिटं थांबायचं. त्या मोबाईलवर वेळ लावून थांबत. पंचवीस-तीस अंशांच्या हवेत १०-१५ मिनिटं बरोबरच आहेत. पण वैशाखातली मराठवाड्याची दुपार, हवेत ओल नावाला नाही, डोक्यावर पंखा फुल. तिथे लावलेला पातळ थर चार-पाच मिनिटांत वाळतो आणि पंधराव्या मिनिटाला पार गेलेला असतो. त्यात त्या एकदम वीस-पंचवीस तुकडे ओळीने लावत आणि मग पहिल्यापासून जोडायला घेत. शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचेस्तोवर दुप्पट वेळ.

म्हणून घड्याळ काढून टाकलं आणि बोट ठेवलं. बोटाची मागची बाजू थराला हलकेच टेकवायची. तार येत असेल तर थांबायचं. तार येत नाही पण थर बोटाला किंचित धरतो, तीच वेळ. बोट कोरडं सरकलं तर वेळ टळली, आणखी एक पातळ हात द्यायचा. मावशींच्या हे इतक्या चटकन अंगवळणी पडलं की दुसऱ्या दिवशी त्या आबांना रागे भरत होत्या, "तार यायलाय की अजून, कामून घाई करता?"

वाळून गेलेला थर जागवायचा आणखी एक उपाय असतो, उष्णतेचा. निओप्रीनचा थर वाळल्यावर हळूहळू स्फटिकासारखा घट्ट होत जातो. जोडाला ताकद त्यानेच येते, आणि दोन सुटे थर एकमेकांना न धरण्याचं कारणही तेच. ६०-७० अंशांपर्यंत तापवला की तो पुन्हा मऊ पडतो आणि लगेच दाबला तर धरतो. बुटांच्या कारखान्यात यासाठी दिव्यांची भट्टी असते. आबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, लिंबाखाली काम चालायचं तेव्हा ते वाळलेले तुकडे उन्हात तापलेल्या पत्र्यावर घटकाभर टाकायचे आणि गरम गरमच ठोकायचे. कुणी शिकवलं नव्हतं, हाताला सुचलं होतं. शेड झाल्यावर ती रीत मोडली. ती परत सुरू करायला हरकत नव्हती, फक्त चामडं आकसेपर्यंत ठेवायचं नाही एवढं बघून.

ठोकण्यासाठी गोल तोंडाची हातोडी, मधून कडेकडे. कडेकडून मध्ये ठोकलं तर हवा आत कोंडते, आणि तो फुगवटा पुढे पोळ्याला दिसतो.

आषाढातल्या धुरकट थराचं कोडंही हवेचंच होतं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतली ओल त्या गार थरावर धरते. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी. तिच्यावरच दुसरा भाग टेकवला की मध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो. पावसाच्या झडीत थर अगदी पातळ ठेवायचा, तुकडे आधी थोडे ऊबदार करून घ्यायचे, आणि धुरकटपणा दिसला तर तो जाईपर्यंत जोडायचं नाही. आबांचं "चामडं ओलं होतं" हे म्हणणं आषाढापुरतं असं अर्धं खरं निघालं आणि त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलंही.

बसून काम करणाऱ्याचं नाक

या घरात मला सर्वांत जास्त खटकली ती गोष्ट पट्ट्यांची नव्हती. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, हेक्झेनचीही जवळपास तिप्पट. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते. आणि चामड्याचा कारागीर जमिनीवर बसून काम करतो. मालकांनी मोठ्या हौसेने छताजवळ एक्झॉस्ट पंखा बसवला होता. वाफ खाली, पंखा वर, आणि मध्ये मावशींचं नाक. दुपारी डोकं धरतं, मळमळतं, हे त्यांनी उन्हाच्या खात्यावर टाकलं होतं. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात टोल्युइनची आठ तासांची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग अशी होती, पण अशा घरगुती शेडमध्ये मोजायला कोण येणार? नाकाचा भरवसा नाही, ते काही वेळात वासाला सरावतं.

मालकीणबाईंची बोटांना मुंग्या येण्याची तक्रार होती. कारण डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आणि त्या दाखवून आल्याही. मी फक्त एवढं सांगितलं की डॉक्टरांना सोल्युशनचा डबा दाखवा. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या नसा गेल्या त्या हेक्झेनमुळे. इस्तंबूलच्या चपला-बूट कारागिरांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळला तो बेंझीन असलेल्या चिकट द्रव्यांमुळे. पेट्रोलमध्ये बेंझीन अजूनही असतं, नियमाने एक टक्क्यापर्यंत. पातळ करायला पेट्रोल नको, त्याचं खरं कारण गाठी हे नसून हे आहे. मावशी तर कडा भरायला बोटच वापरत. आता जुन्या प्लास्टिक कार्डाचे कापलेले तुकडे आलेत.

त्याच शेडमध्ये कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह होता आणि देवाच्या फोटोपुढे उदबत्ती. टोल्युइनची वाफ चार अंशांपासून पुढे ठिणगी मिळाली की पेटते, हेक्झेनची तर शून्याच्या खूप खालपासून. थंडीतली एखादी पहाट सोडली तर आपल्याकडे ती सदैव पेटायला तयार असते, आणि जमिनीवरून सरपटत स्टोव्हपर्यंत जायला तिला फार वेळ लागत नाही. स्टोव्ह त्याच दिवशी घरात गेला. उदबत्तीवरून थोडी कुरकुर झाली. फोटो व्हरांड्यात हलवल्यावर ती मिटली.

भिंतीच्या पायथ्याशी दोन विटा काढून जाळी बसवली आणि समोरचं दार उघडं ठेवायचं ठरलं. उंचावरचा एक्झॉस्ट पंखा काढून त्या जाळीपाशी लावू असं पुतण्या म्हणाला. तसं करू नका म्हणून सांगितलं. साध्या मोटारीची ठिणगी वाफेच्या वाटेत बसवण्यात शहाणपण नाही, मोकळा वारा बरा.

माळेगावच्या आधी

परत आलेल्या पट्ट्यांपैकी जे दुरुस्त होणार होते ते मार्गशीर्षाच्या यात्रेपर्यंत करायचे होते, त्यामुळे बदल झाले ते घाईत आणि जमतील तसे. शिलाई उसवायची, दोन्ही अंगं काचपेपरने खरवडायची, तेलाचा अंश कापडाने पुसायचा. रेशाळ बाजूला पहिला हात पिऊ द्यायचा आणि वाळल्यावर दुसरा. एरंडेल सगळ्यात शेवटी, शिलाईनंतर.

डब्याचा प्रश्न जास्त रंगला. पुतण्याने सुचवलं, घरातल्या फ्रिजमध्ये ठेवू. हे कुणीही करू नये. फ्रिजच्या आत दिव्याचं बटण आणि थर्मोस्टॅट असतो, वाफ कोंडली की एका ठिणगीत दार उडेल. शेजारी भाजी-दूध असतं ते वेगळंच. त्याने मोबाईलवर पाहून डबा उलटा ठेवायचाही प्रयोग केला, म्हणजे साय झाकणाकडे धरणार नाही. सकाळी फळीवरून सोल्युशन खाली आलेलं होतं.

शेवटी जमलं ते आबांच्या डोक्यातून. जुना रांजण, त्यात वाळू, वाळूत मातीचं झाकणाचं मडकं, मडक्यात डबा. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि आतलं मडकं बाहेरच्यापेक्षा चांगलंच गार राहतं. रांजण शेडबाहेर, उत्तरेच्या सावलीत. पाणी सांडपाण्याचं चालतं, टँकरच्या दिवसांत हे महत्त्वाचं. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने याचा उपयोग नाही आणि गरजही नाही. उलट गार डबा दमट हवेत उघडला तर आत ओल धरते, म्हणून तेव्हा वाळू कोरडी ठेवायची.

मोठा डबा दिवसातून एकदाच उघडायचा. लागेल तेवढं फिरकीच्या झाकणाच्या छोट्या पत्र्याच्या डबीत काढायचं आणि मोठा लगेच बंद. काठावरचं सोल्युशन चिंधीने पुसल्याशिवाय झाकण लावायचं नाही, कारण काठावर वाळलेली कड पुढच्या वेळी झाकण बसू देत नाही. दिवसाअखेर डबीत उरलेलं मोठ्या डब्यात परत ओतायचं नाही, दुसऱ्या दिवशी आधी तेच संपवायचं. पाण्याच्या बाटलीत थिनर ठेवायचं पूर्ण बंद. घरात लहान मुलं आहेत, तहान लागली की बाटली कुणी हुंगून पाहत नाही. डब्याला कुलपाची पेटीही झाली. सोल्युशन हुंगण्याचं व्यसन पोरांना कसं लागतं हे मालकांनी परभणीच्या स्टेशनवर पाहिलेलं होतं, त्यामुळे ते समजावावं लागलं नाही.

चिकटवण्याचं काम उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा, पंखा बंद ठेवून, आणि एका वेळी पाच-सहाच तुकडे. दुपारी कापणं आणि शिलाई.

पाण्यात मिसळलेल्या लॅटेक्सचाही प्रयोग झाला. त्याला द्रावकाची वाफ नाही, फक्त अमोनियाचा उग्र वास. मावशींना आवडलं. आबांनी नापसंत केलं, आणि त्यांची हरकत चुकीची नव्हती. हिवाळ्या-उन्हाळ्यात अस्तरासाठी ते छान चालतं, पण झडीत लवकर वाळत नाही. आणखी एक अडचण अशी की नैसर्गिक रबराला तांबं मानवत नाही, तांब्याच्या अंशाने ते लवकर नासतं, आणि घागरमाळेत पितळेच्या घुंगरांशिवाय काय असतं? मी सुचवलं की लॅटेक्स कमरेच्या पट्ट्यांना वापरा, माळांना नको. तेवढं मान्य झालं.

पुढच्या पोळ्यालाही काही पट्टे परत आले. पोतं नव्हतं, पिशवी होती, आणि बहुतेकांत दोऱ्याची तक्रार होती. सुती दोरा पावसात कुजला होता, मेण कमी पडलं होतं. चिकटवणीतून सुटलेले मोजकेच होते आणि त्यांच्या तारखा ज्येष्ठातल्या त्या दिवसांच्या, जेव्हा घाईच्या ऑर्डरसाठी दुपारी काम केलं होतं.

वाद अजून एकच चालू आहे. पाच लिटरचा डबा घ्यावा की एक-एक लिटरचे. छोट्या डब्यांत वाया कमी जातं, पण लिटरमागे भाव जास्त पडतो, आणि तालुक्याच्या दुकानदाराकडचे छोटे डबे कधीकधी आधीच सहा-सात महिने जुने असतात. मालकीणबाई छोट्याच्या बाजूने, मालक मोठ्याच्या. सध्या उन्हाळ्यात छोटे, थंडीत मोठा असं चाललंय, आणि दुकानात डबा हातात घेतला की आधी तळाशी छापलेली तारीख वाचायचं काम मालकीणबाईंनी स्वतःकडे घेतलंय.